बाहेरचं नव्हे, गोळ्यांचं

आम्ही चुडाव्याहून बोलतोय. पूर्णा आणि नांदेडच्या मधलं आमचं स्टेशन, गाडीत जरा डुलकी लागली की कधी मागं पडलं ते कळत नाही. आजचा विषय आमच्याच गटातल्या एका घरात घडला आहे. त्या घरानं सांगा म्हटलं म्हणून सांगतोय, नाव मात्र घेणार नाही. ज्या म्हाताऱ्या बाईंची ही गोष्ट आहे त्यांना सून आत्याबाई म्हणते, तर आपणही आत्याबाईच म्हणू.

आत्याबाई सत्तरीच्या पुढच्या. गुडघे धरतात, बीपीची गोळी रोजची, बाकी बाई खणखणीत. गटाच्या हप्त्यात कुणाचे पन्नास रुपये इकडचे तिकडे झाले तर वही न उघडता सांगायच्या. मागच्या थंडीत त्यांना सर्दी-खोकला झाला. अंग मोडून आलं, पोटात कळा यायला लागल्या, रात्रीची झोप गेली. चार दिवसांत चार ठिकाणची औषधं घरात आली. पोरानं दुकानातून आणली, लेकीनं येताना आणली, एक सुई झाली, आणि शेजारणीनं मायेनं आपल्या डबीतली एक गोळी दिली.

पाचव्या रात्री दोनच्या सुमाराला सुनेला जाग आली. आत्याबाई अंथरुणावर बसून हवेत हात चालवत होत्या. दोन बोटांनी काहीतरी खुडायचं आणि ओटीत टाकायचं.

"आत्याबाई, काय करायलाव?"

"कापूस येचायले. दिसंना का तुला? अन् ह्या बाईला सांग, माझ्या ओळीत शिरू नको म्हणावं."

खोलीत दुसरी बाई नव्हती. उजाडायच्या आधी त्या उठून बैलं सोडायला निघाल्या. बैलं विकून सात-आठ वर्षं झालीत. पोरानं अडवलं तर त्याला ओळखेनात, अंगावर धावून गेल्या. कडी काढून बाहेर पडल्या त्या थेट रुळाच्या बाजूला. थंडीत अंगावर पातळाशिवाय काही नाही, आणि पहाटेच्या गाडीची वेळ. त्यांना कसं परत आणलं ते सांगताना सुनेचा आवाज अजून कापतो.

दिवस वर आला तशा आत्याबाई निवळल्या. चहा मागितला, नातवाला नावानं हाक मारली. घरादाराला वाटलं, उतरलं. दिवेलागणीला पुन्हा कोपऱ्यात बोट दाखवून "ती कोण बसली गं?" सुरू.

आता खरं ते सांगतो. गावात दोनच निदानं असतात. एक, साठी बुद्धी नाठी, म्हातारचळ लागला, आता असंच चालायचं. दुसरं, बाहेरचं झालं. आत्याबाई कालपर्यंत हिशोब सांगत होत्या, त्यामुळं म्हातारचळ कुणाला पटेना. मग राहिलं बाहेरचं. आणि या रेडिओवर अंधश्रद्धेवर बोलणाऱ्या आम्ही बायकांनीच त्या संध्याकाळी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. दिवसा बरं आणि रात्री वाईट, हे बघून आमचीही खात्री पटत चालली होती. यात आमचे दोन दिवस गेले. त्याहून पुढं कुणी जाऊ नये म्हणून एवढं सांगून ठेवतो, की भूत काढतो म्हणून माणसाला दोरखंडानं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

तिसऱ्या दिवशी आशाताई दुसऱ्याच कामाला घरी आल्या. आत्याबाईंकडं बघितलं, कपाळाला हात लावला, आणि एकच प्रश्न विचारला: "आठ दिवसांत नवीन काय काय चालू केलं?"

सुनेनं पिशवी आणून गोधडीवर उपडी केली.

त्या पिशवीत काय निघालं ते नीट ऐका, कारण तुमच्या घरच्या पिशवीत यातलं काही ना काही असणार. सर्दीच्या गोळ्यांची दोन पाकिटं, वेगवेगळ्या नावांची. खोकल्याची बाटली. पोटातल्या कळांची गोळी. शेजारणीची झोपेची गोळी, अर्धी मोडलेली. आणि कागदाच्या पुडीत दोन रंगांच्या चार गोळ्या, ज्यांचं नाव कुणालाच माहीत नाही. घरच्या लोकांनी तीच पिशवी घेऊन आत्याबाईंना नांदेडला नेलं. तिथं डॉक्टरांनी पाकिटं उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचलं. दोन्ही पाकिटांत आणि बाटलीत एकच औषध होतं, क्लोरफेनिरामाइन, ज्याला दुकानदार सीपीएम म्हणतात. म्हणजे नाक गळू नये म्हणून एकाच दिवसात तेच औषध तीन वाटांनी पोटात जात होतं. पोटाच्या कळांच्या गोळीत डायसायक्लोमाइन होतं, आणि तेही त्याच जातीचं काम करतं. त्यावर झोपेची अल्प्राझोलम. तपासताना आणखी एक कळलं, आत्याबाईंची लघवी तुंबून ओटीपोट टम्म झालं होतं. सर्दीच्या आणि कळांच्या गोळ्यांनी हेही होतं, आणि तुंबलेल्या लघवीनं भ्रम आणखी वाढतो. दोन दिवसांत म्हातारी एकदाही नीट मोकळी झाली नाही, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आम्ही कोपऱ्यातली बाई शोधत होतो.

कागदावर डॉक्टरांनी आजाराचं नाव लिहिलं होतं, डेलिरियम. घरी आल्यावर आम्ही या शब्दाचा अर्थ विचारून घेतला आणि तो आम्हाला फार आवडला. हा शब्द लॅटिन भाषेतून आला. त्या भाषेत लिरा म्हणजे नांगराचा तास. नांगर तास सोडून भरकटला, तसं मन भरकटलं, म्हणून डेलिरियम. आपल्याकडं त्याला वात झाला, भ्रम झाला, बरळतोय असं म्हणतात. शब्द कुठलाही घ्या, ओळखायची खूण एकच आहे. हे अचानक होतं, काही तासांत नाही तर दोन-तीन दिवसांत. विसरभोळेपणाचा आजार, म्हणजे स्मृतिभ्रंश, महिन्या-वर्षांनी हळूहळू चढतो. काल नीट बोलणारं माणूस आज भलतंच बोलतंय, तर ते म्हातारपण नव्हे. म्हातारपण एका रात्रीत येत नाही.

आणि सकाळी बरं, रात्री वाईट, हाच तर या आजाराचा स्वभाव आहे. ज्या गोष्टीमुळं आम्हाला बाधा वाटली, तीच डॉक्टरांना निदानाची खूण वाटते.

आता नाकाच्या गोळीनं डोकं कसं फिरतं, हे आम्हालाही आधी पटत नव्हतं. मग एका ताईंनी धोतऱ्याची आठवण करून दिली. महाशिवरात्रीला शंकराला आपण धोतऱ्याचं काटेरी फळ वाहतो, आणि लेकरांना बजावतो की तोंडात घालू नका, वेड लागतं. धोतरा खाल्लेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं, अंग तापतं, घाम येत नाही, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडते, आणि ते हवेत हात मारत बडबडतं. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपीन आणि त्याच्यासारखी विषं असतात. मेंदूत लक्ष आणि आठवण चालवणारा एक रसायनी निरोप्या असतो, या विषांनी त्याची वाट अडते. सर्दीच्या जुन्या गोळ्या आणि पोटाच्या कळांच्या गोळ्या हेच काम थोड्या प्रमाणात करतात. जवान माणसाला त्यानं नुसती गुंगी येते. म्हाताऱ्या मेंदूत तो निरोप्या आधीच कमी असतो, तिथं थोडं अडवलं तरी तास सुटतो.

फवारणीच्या गावांत तर हे आपण डोळ्यांनी बघितलं आहे, फक्त अर्थ कळला नव्हता. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना किती शेतकरी-मजूर विषबाधेनं गेले, ते सगळ्यांना आठवत असेल. काही कीटकनाशकांच्या विषावर दवाखान्यात अ‍ॅट्रोपीनचीच सुई देतात. जीव त्यानंच वाचतो. पण भरपूर अ‍ॅट्रोपीन गेल्यावर रुग्ण बरळायला लागतो, चादर ओढतो, आणि बाहेर बसलेले नातेवाईक म्हणतात, विष डोक्यात गेलं. बऱ्याचदा ते औषधाचं असतं, आणि डोस कमी केला की उतरतं. म्हणून तिथं डॉक्टरांना दोष देऊ नका. आमचं म्हणणं एवढंच, की औषधानं भ्रम होतो ही आपल्या गावाला नवी गोष्ट नाही.

म्हाताऱ्या शरीरात औषध रेंगाळतंही जास्त. चाळिशीनंतर मूत्रपिंडाचं गाळायचं काम हळूहळू कमी होत जातं, यकृतही मंदावतं. सकाळची गोळी निचरायच्या आत दुपारची पडते, दुपारची निचरायच्या आत रात्रीची. शेताचा चर बुजला की थोड्या पावसानं पाणी साचतं, तसं. म्हणून "मला तर याच गोळीनं बरं वाटलं" असं म्हणून पस्तिशीच्या बाईनं सत्तरीच्या सासूला आपली गोळी द्यायची नसते. शेजारणीवर आम्ही कुणी रागावलो नाही. तिच्या जागी आम्हीही तेच केलं असतं, आणि याआधी केलंही आहे.

सर्दीच्या आणि कळांच्या गोळ्यांखेरीज आणखी कोणत्या औषधांवर नजर ठेवायची? झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या सगळ्यांत आधी, अल्प्राझोलम, डायझेपाम या जातीच्या. त्यांच्या पाकिटावर तांबड्या अक्षरात एनआरएक्स छापलेलं असतं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकायच्याच नाहीत. दुखण्यावरची ट्रामाडॉल. नसांच्या दुखण्याला देतात ती अमिट्रिप्टिलिन. अंग कापण्याच्या आजाराला म्हणजे कंपवाताला देतात ती ट्रायहेक्सीफेनिडिल. गुडघ्याला आणि दम्याला लागू पडतं म्हणून दिलं जाणारं स्टेरॉइड. मोतीबिंदूच्या वेळी बाहुली मोठी करायला डोळ्यात घालतात ते थेंबसुद्धा एखाद्या फार म्हाताऱ्या माणसाला भ्रमात घालू शकतात. यातलं कुठलंच औषध वाईट नाही. अमेरिकेत मार्क बीअर्स नावाच्या डॉक्टरांनी १९९१ साली म्हाताऱ्या माणसांना शक्यतो टाळायच्या औषधांची यादी केली. ती अजून वेळोवेळी सुधारली जाते आणि जगभरचे डॉक्टर वापरतात. म्हणजे "माझ्या सासूच्या वयाला ही गोळी चालंल का?" हा प्रश्न अडाण्याचा नाही. तो डॉक्टरांना बिनधास्त विचारा.

आणखी दोन गोळ्यांचं वेगळं सांगायला पाहिजे. एक साखरेची. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारखी गोळी घेतली आणि उपास केला किंवा जेवण गेलं नाही, तर रक्तातली साखर घसरते. माणूस घामाघूम होतं, भलतंच बोलतं. एकादशी, श्रावण, नवरात्र, या दिवसांत हे ध्यानात ठेवा. दुसरी बीपीची किंवा सुजेची, जिनं लघवी जास्त होते ती. आपल्या परभणीच्या मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. घामानं आधीच अंगातलं पाणी आणि मीठ गेलेलं असतं, त्यात ही गोळी. रक्तातलं मीठ उतरलं की डोकं फिरतं. आणि सर्दीच्या किंवा कळांच्या गोळीनं घामच अडतो, म्हणजे उन्हाळ्यात उष्माघाताला ते आमंत्रणच.

आतापर्यंत आम्ही आरडाओरडा करणाऱ्या भ्रमाचं बोललो. त्याची एक बहीण आहे, मुकी. म्हातारं माणूस एकाएकी गप्प होतं, दिवसभर झोपून राहतं, जेवायला उठवलं तर घास तोंडात तसाच धरून बसतं. घर म्हणतं, बरं झालं, आज निवांत पडल्यात. हा मुका भ्रम म्हाताऱ्यांत पुष्कळ दिसतो, आणि कुणाला त्रास देत नाही म्हणून सगळ्यांत उशिरा सापडतो. आत्याबाई रुळाकडं पळाल्या म्हणून निदान आम्ही धावलो तरी. त्या कोपऱ्यात निजून राहिल्या असत्या तर आणखी चार दिवस आम्ही सर्दीच्याच गोळ्या पाजल्या असत्या.

घरच्या घरी बघायचं असेल तर एक सोपा उपाय आहे. भ्रमात पहिलं लक्ष जातं, आठवण नंतर. म्हणून मराठी महिने उलटे म्हणायला सांगा, फाल्गुन, माघ, पौष असे. शाळेचं तोंड न बघितलेल्या आजीलाही महिने येतात. येत नसतील तर आठवड्याचे वार उलटे. एरवी म्हणणारं माणूस दोन महिन्यांत अडकलं, मधेच दुसरीकडं बघायला लागलं, तर लक्ष ठिकाणावर नाही. ही काही दवाखान्याची तपासणी नव्हे, पण दवाखान्यात जायचं की नाही हे ठरवायला पुरेशी आहे.

जायचं ते त्याच दिवशी जायचं. कारण भ्रमाचं कारण दर वेळी गोळीच असेल असं नाही. लघवीतला जंतू, छातीतला कफ, ताप, पडून डोक्याला लागलेला मार, यांनीही हेच होतं, आणि बऱ्याचदा दोन कारणं मिळून होतं. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोबडी वळली, झटका आला, अंग भट्टीसारखं तापलं किंवा उठवूनही डोळे उघडेनात, तर १०८ ला फोन करा, थांबू नका. साखरेची गोळी घेणारं माणूस असेल आणि शुद्धीत राहून गिळत असेल तर साखरपाणी पाजा. गिळत नसेल तर तोंडात थेंबही घालू नका.

आणि गोळ्यांचं काय करायचं? इथं घाईनं एक चूक होते. गोळ्यांनी झालं म्हटलं की घर सगळीच पिशवी उकिरड्यावर फेकतं. तसं करू नका. शेजारणीनं दिलेली, दुकानातून आपल्या मनानं आणलेली सर्दीची, कळांची गोळी पुढच्या वेळेला देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. पण बीपी, हृदय, फेफरं, दमा यांच्या चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. साखरेची गोळी देण्याआधी मात्र साखर तपासून घ्या आणि डॉक्टरांना विचारा. झोपेची गोळी कुणी वर्षानुवर्षं घेत असेल तर ती एकदम तोडली की त्यानंच भ्रम होतो, झटकेही येतात. ती डॉक्टरच पायरीपायरीनं उतरवतात. रोज दारू पिणाऱ्या म्हाताऱ्याला दवाखान्यात ठेवलं आणि दारू एकाएकी तुटली, तर तिसऱ्या दिवशी तो भिंतीवर किडे बघायला लागतो, तेही हेच. तिथं लाजेनं दारूची गोष्ट लपवू नका.

भ्रमातल्या माणसाशी वाद घालायचा नाही. आत्याबाई "कापूस येचायले" म्हणाल्या तेव्हा सून म्हणत राहिली, "कुठंय कापूस, दाखवा बरं!" आणि आत्याबाई आणखी चिडत गेल्या. पुढं दवाखान्यात नर्सबाईंनी आम्हाला शिकवलं. जवळ ओळखीचं एकच माणूस बसावं, हळू बोलावं, "मी तुमची सून, आज मंगळवार आहे, आपण दवाखान्यात आहोत" असं पुन्हा पुन्हा सांगावं. चष्मा घालून द्यावा. दिवसा उजेड, रात्री बारीक दिवा. पाणी थोडं थोडं पाजावं, लघवी-शौचाकडं लक्ष ठेवावं. आवरेना म्हणून खाटेला बांधू नये, आणि झोपवायला म्हणून घरातली आणखी एक झोपेची गोळी तर मुळीच देऊ नये. रुळ, विहीर, हौद जवळ असेल तर रात्री पाळीनं जागावं.

आत्याबाईंच्या गोळ्या बंद केल्या, नळी घालून लघवी मोकळी केली, सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोराला ओळखलं. चौथ्या दिवशी घरी आल्या. पण पुढचे दोन-तीन आठवडे बोलता बोलता अडखळायच्या, दुपारी गुंगायच्या. सगळ्यांचंच लवकर निवळतं असं नाही. आधीपासून स्मृतिभ्रंश असेल तर वेळ लागतो, आणि काही माणसं पहिल्यासारखी होतही नाहीत. उशीर जितका, तितकं अवघड.

आम्हाला वाटलं होतं त्यांना काही आठवणार नाही. पण त्यांना बरंच आठवत होतं. पोरावर हात उगारला याची त्यांना इतकी लाज वाटत होती की गटाच्या बैठकीला यायच्या बंद झाल्या. सुनेनं समजावलं, आम्ही समजावलं, शेवटी डॉक्टरांनी कागदावर काय लिहिलंय ते नातवानं वाचून दाखवलं तेव्हा त्या आल्या. आल्यावर म्हणाल्या, "कापूस खराच दिसत होता बायांनो. असा पांढराफेक, एक बोंड किडकं नाही." सगळ्या हसल्या, त्याही हसल्या.

त्या कागदाची एक प्रत आता त्यांच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये घालून ठेवली आहे. त्यावर लाल पेनानं लिहून घेतलंय, कोणत्या गोळ्यांनी भ्रम झाला होता ते. ज्याला एकदा असं झालं त्याला पुन्हा होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलं की आधी तो कागद पुढं करायचा. पुडीतल्या बिननावाच्या गोळ्या घेणं त्यांनी सोडलंय. पाकीट दाखवा नाही तर नाव लिहून द्या, म्हणतात. येत्या बैठकीला घरोघरची औषधांची पिशवी घेऊन यायचं ठरलंय. आशाताई येणार आहेत. दोन पाकिटांवर मागच्या बाजूला एकच नाव कुणाकुणाकडं निघतं ते बघू. चष्मा आणायला विसरू नका, ते अक्षर फार बारीक असतं.